कोंडमाळचा अहवाल कोणी पाठवला?

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या भोरच्या घरात अम्मी कुणाला दृष्ट लागली की मीठ-मिरच्या उतरवायची, दंडाला तावीज बांधायची, आणि मी हसायचे. अब्बा शाळेत शिपाई होते. "आधी डोळ्यानं बघ, मग बोल," हे त्यांचं म्हणणं, आणि मी त्यांच्याच वळणावर गेलेली. या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचते आहे, आणि निम्म्यांना मनातल्या मनात खोटं ठरवलेलं आहे. त्यामुळे माझं तुम्ही खोटं ठरवलंत तर मला राग येणार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. मी — शमीम — नसरापूरला एका छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मुख्य ऑफिस पुण्याला, तिथं आमचे साहेब, पाटणकर सर. एका संस्थेनं डोंगरातल्या वाड्यांमधल्या शाळेच्या जुन्या खोल्या तपासायचं काम आमच्याकडे दिलं होतं. कुठली खोली चांगली, कुठली दुरुस्त करायची, कुठली पाडायची याचा एकेक अहवाल. तपासणी करायला दिनकरभाऊ. वेल्ह्याकडच्या शेतकरी घरातले, डिप्लोमा केलेले, तिशीचे. मोजकं बोलणारे. दिवसभर गाडीवर हिंडायचे, संध्याकाळी येऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी अहवाल टाईप करायचे.

आता मेलचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. ऑफिसची स्वतःची मेल सिस्टीम होती, सर्व्हर पुण्याला. फोनच्या तारेवरून जोडायचं — मोडेम आधी किंचाळायचं, मग लागलं तर लागायचं. त्या मेलमध्येच 'सामायिक' नावाचं एक फोल्डर होतं. दिनकरभाऊ आपल्या नावाच्या मेलवरून अहवाल ऑफिसच्या मेलवर पाठवायचे, मी त्याला गावाचं नाव देऊन 'सामायिक'मध्ये ठेवायचे, आणि पुण्याला सर तिथून उघडून बघायचे. फोल्डरमध्ये काही ठेवायचा किंवा काढायचा अधिकार फक्त सरांना आणि मला. आणि मराठी फॉन्ट टाकलेला होता तो फक्त आमच्या दोन मशीनवर आणि सरांच्या. बाकी कुठं तो अहवाल उघडला तर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या दिसायच्या. बाहेर कुठं बसून तो टाईप करणं शक्यच नव्हतं.

पावसाळा निम्मा सरला होता. एकच वाडी राहिली होती. तिचं खरं नाव देत नाही, कोंडमाळ म्हणू या. वेल्ह्याच्या पुढं जीपनं जायचं आणि तिथून पाऊण तास चढ. गावकऱ्यांनीच कधीकाळी दगड-मातीत बांधलेली खोली, वर कौलं. आदल्या वर्षीच्या अहवालात 'वापरण्यास योग्य' असा शेरा होता.

सोमवारी सकाळी दिनकरभाऊ रेनकोट चढवून निघाले. "ताई, आज कोंडमाळ उरकतो. उद्या समदं एकदम पाठवून टाकू पुन्याला," असं म्हणाले. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्या तोंडून ऐकलेले ते शेवटचे शब्द. दीड वाजता फोन आला. वेल्ह्याच्या पुढच्या वळणावर गाडी घसरली होती. डोक्याला मार. बेशुद्ध. एका जीपवाल्यानं उचलून खाली आणलं, तिथून पुण्याच्या दवाखान्यात.

त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांच्या घरी निरोप, सरांना फोन, दवाखान्यात कोण जाणार... संध्याकाळी पाचला रोजच्या सवयीनं मोडेम लावलं, आलेले चार-पाच मेल उघडले, जोडलेल्या फाईली उतरवल्या, ज्याच्या त्याच्या नावानं 'सामायिक'मध्ये टाकल्या आणि घरी गेले. हात चालले होते, डोळे नव्हते.

बुधवारी सगळे अहवाल एकत्र करायला बसले तेव्हा लक्षात आलं. यादीत कोंडमाळ होतं.

उघडलं. अक्षरं स्वच्छ मराठीत दिसत होती. आमचाच फॉन्ट. फोटो नाहीत, मोजमापाचा तक्ता कोरा. खाली फक्त चार ओळी :

'खोली वापरण्यास अयोग्य. पश्चिमेची भिंत पायापासून सुटलेली आहे. लोखंडी कपाटामागे उभा तडा, हात जाईल एवढा. मुलांना ताबडतोब हलवावे.'

मी मूळ मेल शोधला. दिनकरभाऊंच्या नावावरून, सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आलेला. त्या वेळी त्यांच्या नाकातोंडात नळ्या होत्या.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, मेल अडकतात सर्व्हरवर. आधी पाठवला असेल, उशिरा पोचला."

"पण सर, आधी म्हणजे कधी? सोमवारी सकाळीच तर ते गेले."

"तपासून येताना पडला ना तो? मग कुठूनतरी पाठवला असेल." सरांना घाई होती. "हे बघ, फोटो नाहीत, मोजमाप नाही, सही नाही. असा कागद मी संस्थेला देऊ शकत नाही. तो काढून ठेव. गेल्या वर्षीचा अहवाल ठेव जागेवर. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या माणसाला पाठवतो."

मी सांगितल्याप्रमाणे केलं. फाईल 'सामायिक'मधून काढली, माझ्या स्वतःच्या मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवून दिली. जुना अहवाल जागेवर ठेवला.

गुरुवारी सकाळी ऑफिस उघडलं, मोडेम लावलं. 'सामायिक'मध्ये जुना अहवाल नव्हता. कोंडमाळच्या नावासमोर पुन्हा नवा होता, रात्रीत दिनकरभाऊंच्या मेलवरून आलेला. आणि त्यात एक ओळ वाढलेली...

'कपाट हलवू नये. भिंत कपाटावर टेकलेली आहे.'

मला आधी राग आला. खरंच सांगते, भीती नाही, राग. कुणीतरी दिनकरभाऊंचा पासवर्ड वापरून चेष्टा करतंय, तेही माणूस मरणाच्या दारात असताना! पुण्याच्या ऑफिसात मेलचं बघणारा एक मुलगा होता, त्याला झापलं. त्यानं तिथल्या तिथं, फोनवर बोलता बोलता, दिनकरभाऊंचं खातं बंद केलं. माझा पासवर्ड बदलून दिला. "आता कोणी आत शिरूच शकत नाही मॅडम," म्हणाला. मी जुना अहवाल परत जागेवर ठेवला. दुसरं मशीन तर शनिवारपासून बंदच होतं. त्यावर दिनकरभाऊंनी घातलेलं प्लास्टिकचं कव्हर तसंच होतं. तरी मी त्याची वायर भिंतीतून काढून ठेवली. का काढली? सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ-चाळीसला तिसरा आला.

मी समोरच बसले होते. मोडेम लागलं, एकच मेल उतरला. बंद केलेल्या खात्यावरून. वायर काढलेल्या मशीनकडं मी मान वळवून बघितलं. कव्हरवर धूळ होती. मग फाईल उघडली.

आधीच्या ओळी तशाच. खाली :

'आज भिंतीतून आतल्या बाजूला पाणी आले आहे. मुले त्याच भिंतीला पाठ लावून बसली आहेत. शेवटची मुलगी खोकते आहे. तिला आधी हलवावे.'

आज. खोकते *आहे*. अहवालात असं कोणी लिहीत नाही हो. दिनकरभाऊ तर नाहीच नाही. ते 'भिंतीस ओल आढळली' असं लिहिणारे.

दवाखान्यात फोन केला. त्यांची बायको फोनवर आली. "न्हाई ताई, डोळं उघडलं न्हाई अजून. डाक्टर म्हन्त्यात, वाट बगा."

मग सरांना.

"सर, तिसरा आलाय. मी कोंडमाळला जाते."

"कशाला? तू ऑपरेटर आहेस शमीम, इंजिनिअर नाहीस. तिथं जाऊन सांगणार काय?"

"कपाटामागं तडा आहे का, एवढंच बघून येते."

"ऑफिस बंद करून गेलीस तर सोमवारी येऊ नकोस."

असं म्हणाले. चिडून म्हणाले असतील, पण म्हणाले. घरात अब्बा रिटायर, लहान बहिणीचं कॉलेज. ती नोकरी मला हवीच होती. तरी तिन्ही अहवालांच्या प्रिंट काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, कुलूप लावलं आणि वेल्ह्याची एसटी पकडली.

वेल्ह्याहून जीप, आणि जीप सोडल्यावर चढ. पाऊस बारीक, पण थांबत नव्हता. पायवाटेचा ओढा झालेला. मी भोरसारख्या गावात वाढलेली, डोंगराची सवय नाही, दोनदा पडले. सगळ्या वाटेवर मनात एकच : तिथं काही नसू दे. भिंत धड असू दे, गुरुजी हसू देत, मी ओलीचिंब होऊन परत येऊ दे, नोकरी जाऊ दे, चालेल.

दीडच्या सुमाराला वाडी दिसली. दहा-पंधरा घरं, एक भैरवनाथाचं देऊळ, आणि जरा बाजूला शाळेची खोली. मी दारापासून वीस-पंचवीस पावलांवर असेन, तेव्हा आतून खोकल्याचा आवाज आला. लहान पोरीचा. कोरडा, थांबून थांबून.

पुढं जाववेना. ओटीवर खिचडीचं पातेलं घासत एक बाई बसल्या होत्या, सखूबाई. त्यांनी हाक मारली, "कोन पायजे वो बाई? भिजल्या की समद्या!"

गुरुजी बाहेर आले. पन्नाशीचे, शांत माणूस. मी ऑफिसचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "अहो, तुमचे साहेब सोमवारी येणार होते ना? आम्ही दिवसभर वाट बघितली. कोणी आलंच नाही."

"आले नाहीत? कोणीच?"

"कोणीच नाही. मी पाचपर्यंत इथंच होतो."

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, परत वाचला. चष्मा काढला. "हे कोणी लिहिलं?"

"ते नंतर. कपाट कुठं आहे?"

पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी कपाट होतं. त्याच भिंतीला पाठ लावून पोरं बसलेली, एका ओळीत. एकवीस. समोर दाराकडून पावसाची झड येत होती म्हणून तिकडं सरकून बसलेली. ओळीत शेवटी, कपाटाला लागून, निळा स्वेटर घातलेली एक बारकी मुलगी. खोकत होती. सखूबाई मागून म्हणाल्या, "सकाळधरनं पोरास्नी पाठीला वल्लं लागतंय. म्या म्हनलं गुर्जीस्नी."

कपाट आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट होती खालच्या बाजूला, वर तर तीही नव्हती. भिंत खरोखरच कपाटावर रेललेली. मी जमिनीवर बसून त्या फटीतून हात घातला. आधी ओली माती लागली. मग काहीच लागलं नाही. हात मनगटापर्यंत भिंतीत गेला, आणि पलीकडून बाहेरचा गार वारा बोटांना लागला.

मी हात काढून घेतला. "गुरुजी, पोरांना बाहेर काढा. हिला आधी."

गुरुजी चटकन हलले नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. तोवर वाडीतली दोन-तीन माणसं जमली होती. त्यातले एक म्हातारे म्हणाले, "आन् मंग साळा कुठं भरवायची? ह्यो कागुद कुनाचा हाय? सही कुठाय ह्याच्यावर?"

सही नव्हती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पिशवीतून पेन काढलं आणि खाली सही केली. माझं नाव, ऑफिसचं नाव, तारीख. मला काडीचा अधिकार नव्हता. ती सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी आलीसुद्धा नाही.

"आता झालं?" मी म्हटलं. "काही चुकलं तर मला धरा."

गुरुजींनी त्या पोरीला उचललं आणि बाहेर निघाले. मागून बाकीची. पाच मिनिटांत सगळी देवळात. मग गुरुजी म्हणाले, "हजेरीपट कपाटात आहे. जरा पुढं ओढलं की दार उघडतं, एवढं घेतो," आणि एकटेच परत आत शिरले. त्यांनी कपाटाच्या कडेला हात घातलेला मला दिसला.

मी किंचाळले. "हात लावू नका! कपाट हलवू नका!"

ते दचकून मागं सरले. त्याच वेळी कपाटाच्या पत्र्याचा आवाज झाला. आपोआप. कुणी डबा दाबल्यावर होतो तसा, एकदाच. गुरुजी उलट्या पावली बाहेर आले. हजेरीपट आतच राहिला.

खोलीच्या दाराला बाहेरून दोरी बांधली आणि मी संध्याकाळच्या गाडीनं भोरला परत आले. अम्मीला म्हटलं, नोकरी गेली बहुतेक.

शनिवारी सकाळची शाळा असते. साडेनऊला शेजारच्यांकडं माझा फोन आला, नंबर मीच गुरुजींना देऊन आले होते. वेल्ह्याहून गुरुजी बोलत होते. "ताई... आठ-सव्वाआठला गेली. पश्चिमेची भिंत, आणि तिच्यामागं सगळं छप्पर. पोरं देवळात बाराखडी म्हणत होती... ताई, कपाट चपटं झालंय."

मी फोन ठेवून खाली बसले. रडू फार उशिरा आलं.

सोमवारी ऑफिसात गेले. पाटणकर सर स्वतः आले होते. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही. खुर्ची ओढून बसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "शमीम, खरं सांग. तू लिहिलेस का ते?"

"मी कोंडमाळ शुक्रवारी पहिल्यांदा बघितलं, सर."

पुण्याचा तो मुलगाही आला होता. त्यानं सर्व्हरवरच्या नोंदी काढून आणल्या होत्या. तिन्ही मेल दिनकरभाऊंच्या खात्यावरून, आणि तिन्ही नसरापूरच्या ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवरून निघालेले. तिसरा, खातं बंद केल्यावर. वायर काढल्यावर. त्यानं ते मशीन उघडून बघितलं. आत दिनकरभाऊंनी अपघाताआधीच्या शनिवारी टाईप केलेला अहवाल शेवटचा. त्यानंतर काहीही नाही. "असं होऊ शकत नाही मॅडम," एवढं म्हणून त्यानं मशीन परत बंद केलं, आणि कधी नव्हे ते जेवायलाही न थांबता पुण्याला गेला.

दिनकरभाऊ दहाव्या दिवशी शुद्धीवर आले. दीड-दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी भेटायला गेले. अंगणात खाटेवर बसले होते, काठी शेजारी. वहिनींनी चहा दिला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलंच, "भाऊ, त्या दिवशी कोंडमाळहून परत येताना पडलात ना?"

"न्हाई ताई. जाताना. कोंडमाळला म्या पोचलोच न्हाई. साडेधा वाजलं असत्याल." त्यांनी समोरच्या डोंगराकडं हात केला. "ती वाडी म्या अजून बघितलेली न्हाई."

जीपवाल्यालाही मी नंतर गाठून विचारलं. त्यानंही तेच सांगितलं. गाडीचं तोंड वरच्या बाजूला होतं.

भाऊंकडं जाताना मी कागद बरोबर नेले होते. दाखवावेत की नाही, कळत नव्हतं. शेवटी दिले. पहिला वाचून ते म्हणाले, "लिवायची रीत माझीच हाय." दुसरा वाचला. मग तिसरा. खोकणाऱ्या मुलीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"भाऊ, बेशुद्धीत काही दिसलं होतं का? स्वप्न वगैरे... काहीतरी?"

मला वाटत होतं त्यांनी हो म्हणावं. काहीही म्हणावं. म्हणजे मला एक टोक तरी सापडलं असतं.

"काय बी न्हाई," ते म्हणाले. "झोप लागल्यावानी बी न्हाई. गाडी घसरली आन् मंग दवाखान्याचा पंखा दिसला. मधलं दिस न्हाईतच मला."

मग त्यांनी विचारलं, "पोरं किती व्हती?"

"एकवीस."

त्यांनी मान हलवली. कागदांची घडी घालून माझ्या हातात परत दिली. हात गार होता त्यांचा. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "ताई, परत मला ह्याच्यातलं काय बी इचारू नका. मला भ्या वाटतंय."

मी त्यानंतर कधीच विचारलं नाही. ते आता शेती करतात, तब्येत चांगली आहे, ईदला आमच्याकडं येतात. आम्ही पाऊसपाण्याचं बोलतो, पोरांच्या शाळांचं बोलतो. पहिला अहवाल आला त्या सोमवारचं मात्र मला अजून टोचतं. तो दोन दिवस माझ्यासमोर पडून होता, आणि मी न वाचता त्याला नाव देऊन ठेवून दिला होता. दुसरा आणि तिसरा कुणी पाठवायचे कष्ट घेतले नसते तर?

कुणी, हे मला आजही माहीत नाही. सर्व्हरमधलं कळणाऱ्या कितीतरी लोकांना मी विचारलं. प्रत्येकानं वेगळं कारण सांगितलं, आणि प्रत्येकाचं कारण कुठल्या ना कुठल्या ओळीपाशी अडलं. मी अजूनही तावीज बांधत नाही. फक्त या गोष्टीपुरतं 'असं नसतंच' म्हणायचं मी सोडून दिलं आहे.